पक्कड आणि मागच्या चाकाचा नट

हत्यारं एकमेकांशी बोलायची, तेव्हाची गोष्ट. फुलाजी मास्तरांच्या मोटरसायकलची चेन सैल पडली होती आणि शाळेची वेळ होत आली होती. घरात काहीही अडलं की पक्कड घ्यायची, ही मास्तरांची सवय. पक्कड मागच्या चाकाच्या नटाला जोरात चावली आणि घसरली. पुन्हा चावली, पुन्हा घसरली. नटाचे कोपरे झिजू लागले.

"केवढा हट्टी आहेस रे!" पक्कड ओरडली.

वैतागून मास्तरांनी डब्याच्या तळातून एक गंजका पाना काढला.

"दादा, माप किती तुमचं?" पान्यानं विचारलं.

"एकोणीस."

पाना अलगद बसला. नट सुटला.

पक्कड रुसली. "माझ्याशीच का भांडलास?"

"भांडलो कुठे, ताई?" नट म्हणाला. "मला दुखत होतं."