एक लेक, तीन आया

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राजा कोण होता ते मी विसरले, आणि त्यानं काही अडतही नाही. त्या राज्यात सलग तीन वर्षं पाऊस पडला नाही, एवढं लक्षात ठेवा.

माणसं गावं सोडून घाटापलीकडे निघाली. ज्यांना सगळी पोरं नेणं जमेना, ते एखादं पोर घाटाच्या तोंडाशी दगडावर बसवून पुढं जायचे. वाटेनं जाणारं कुणीतरी उचलेल, एवढीच आशा. अशीच एक तीन वर्षांची मुलगी एका मेंढपाळ नवराबायकोला सापडली. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी तिला खांद्यावर घेतलं आणि कळपामागं चालू लागले.

पुढं पाऊस आला, माणसं आपापल्या गावी परतली. मुलगी वाढली, तिचं लग्न झालं, तिची लेकरं मेंढ्यांमागं धावू लागली. सगळं ठीक होतं हो. पण तिच्या मनाला एक गोष्ट खात होती. दर वर्षी कळप त्या वाटेनं जायचा आणि दर वर्षी ती गावोगाव विचारायची, "दुष्काळात इथल्या कुणी पोर टाकलं होतं का?"

"छे! आमच्या गावात असलं कुणी करत नाही," लोक म्हणायचे. कबूल कोण करणार? तुम्ही केलं असतंत?

एकदा सांभाळणाऱ्या आईनं विचारलं, "मी कुठं कमी पडले का गं?"

"नाही, आये. मला फक्त एकदा विचारायचंय, मलाच का टाकलं?"

असं करता करता तिचे केस पिकले, गुडघे दुखू लागले. एका वर्षी घाटाखालच्या शेवटच्या गावात ती विहिरीवर मेंढ्यांना पाणी पाजत होती. तिथं बायका पाणी भरत होत्या. आता विचारायचंही त्राण तिच्यात नव्हतं. ती नुसती म्हणाली, "बायांनो, दुष्काळात टाकलेली पोर मीच. कुणाची असेन तर सांगा, नसेन तर राहू द्या. पुढच्या वर्षी मी विचारायची नाही. दमले मी."

आजवर तिनं 'टाकलं कुणी' असंच विचारलं होतं. 'ती पोर मी' असं कधी म्हटलंच नव्हतं. गावात बातमी फिरली, आणि ऊन उतरायच्या आत तिच्यापुढं तीन म्हाताऱ्या येऊन उभ्या राहिल्या.

तिघींनीही दगडावर मुलगीच बसवली होती. तिघींच्या मुली तीन वर्षांच्या होत्या.

तुम्ही म्हणाल, अंगावर काही खूण नव्हती का? नव्हती. एकीचं नाक तिला आपल्यासारखं वाटलं, दुसरीची हनुवटी. दमलेल्या माणसाला काय, काहीही दिसतं.

"मलाच का टाकलं?" तिनं विचारलं.

पहिली म्हणाली, "तू धट्टीकट्टी होतीस. वाटलं, जगलीच तर तू जगशील. कडेवरचं तान्हं तासभरही टिकलं नसतं."

दुसरी म्हणाली, "तुला ताप होता. मला उचलवेना गं."

तिसरीला डोळ्यांनी दिसत नव्हतं. ती म्हणाली, "मी टाकलं नाही, बाई. पाणी शोधायला गेले. परत आले, तर दगडावर कुणी नव्हतं."

यातलं आपलं उत्तर कुठलं? कोण सांगणार? तिला रडू कोसळलं आणि रागही आला. "अहो, एकीनं तरी खोटं बोला! ठासून म्हणा, ही माझीच!"

आंधळी म्हातारी चाचपडत जवळ आली. "पोरी, एवढंच सांग. त्या दिवशी तुला खायला मिळालं का?"



आणि याचं उत्तर तिला ठाऊक होतं! सांभाळणाऱ्या आईनं शंभरदा सांगितलं होतं. ती म्हणाली, "मिळालं. माझ्या आयेनं तिथंच मेंढी पिळली. ओंजळीनं दूध पाजलं. मी दोन ओंजळी प्यायले आणि तिच्या खांद्यावर झोपले."

"झोपलीस?"

"गाढ झोपले."

आंधळी मटकन खाली बसली. बाकीच्या दोघींनी तोंडाला पदर लावला. चाळीस वर्षं त्यांचा घास घशात अडकत होता. यातल्या निदान दोघींच्या पोरींचं खरं काय झालं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ते कुणी बोललं नाही.

पुढच्या वर्षापासून कळपाचा मुक्काम त्या गावात चार दिवस जास्त पडू लागला. तिघी तिला 'आमची' म्हणायच्या आणि तिनं जेवायचं कुणाकडं यावरून भांडायच्या. सांभाळणारी आई त्यांच्यात बसून तंबाखू मळत हसायची.

मग एकेक करून चौघी गेल्या. चौघींच्याही तोंडात शेवटचं पाणी तिनंच घातलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला शेवटपर्यंत मिळालं नाही, पण तिनं तो पुन्हा कुणाला विचारला नाही.

यातून घ्यायचं ते एवढंच: आपल्या दुःखाचं कारण कळेलच असं नाही, पण आपल्याजवळ आहे ते सांगून दुसऱ्याचा जीव हलका केला, की आपलाही होतो.