लाडीची घुंगरमाळ

"मग आज तरी दोरी सोडाल ना, बाबा?"

नूरशाबाबा घोडीच्या पाठीवर खोगीर कसत होते. मागं वळून त्यांनी बघितलं नाही.

"कशाला?"

"पोरीला पुढ्यात घेऊन तळ्याला फेरी मारायची आहे. एकट्यानं. कुणी दोरी धरून पुढं चालणार असेल, तर मी शिकलो काय?"

विचारणारे होते विश्वजीत जगदाळे. तालुक्याला त्यांचं टायरचं दुकान. उन्हाळा लागल्यापासून दर रविवारी ते तळ्यावर यायचे. तळ्याच्या काठाला, चिंचेखाली या फकिराची झोपडी आणि त्याची ही एकुलती एक घोडी, लाडी. भेळ खायला, होडीत बसायला आलेली माणसं लेकरांना तिच्यावर बसवायची. कुणाला शिकायचं असलं, तर बाबा शिकवायचे. पण दोरी स्वतः धरून पुढं चालायचे.

ती दोरीच जगदाळ्यांना सलायची. भेळवाला तर दर खेपेला विचारायचा, मालक, वरातीला निघालात का.

बायकोनं निक्षून सांगितलं होतं, कस्तू बसेल, पण बाबा हो म्हणाले तरच. आणि कस्तू तर काठावरच्या कट्ट्यावर पाय हलवत, कणीस खात वाट बघत होती. सात वर्षांची पोर ती.

"आमच्या रक्तातच घोडा आहे, बाबा. आमचे पणजोबा घोड्यावर बसूनच जेवायचे."

"आणि घोडा?"

"घोड्याचं काय?"

"तो कधी जेवायचा?"



बाबा लाडीच्या मानेशी वाकून बराच वेळ काहीबाही बांधत राहिले. तिच्या गळ्यात घुंगरमाळ होती आणि माळेवर लाल लोकरीचे हे एवढाले गोंडे. मग जगदाळे वर बसले. बाबांनी लगाम त्यांच्या हातात दिला आणि दोरी सोडली.

"आधी एकटा जाऊन ये. पोरीचं मग बघू…"

जगदाळे निघाले ते छाती काढूनच. बांधावरची वाट ती, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला दगडांचा उतार. होडीतल्या पोरांनी शिट्टी मारली तशी लाडी बिचकली. यांनी लगाम खेचला, ती थांबली. पुढं सांडव्यापाशी बांध खचला होता. यांनी डावीकडं ओढलं, ती डावीकडनं गेली. दर वेळेला गळ्यातली घुंगरं छन्न वाजायची. कस्तूला तिथवर ऐकू जात असेल, असं त्यांच्या मनात आलं.

फेरी पुरी करून ते चिंचेखाली आले. भेळवाल्याकडं एकवार बघून घेतलं.

"बघितलंत? इशाऱ्यावर चालते की. आता द्या पोरीला वर."

बाबा पुढं आले.  हातानं लाल गोंडे बाजूला केले.

लगामाची दोन्ही टोकं घुंगरमाळेला बांधलेली होती.

जगदाळ्यांनी वाकून बघितलं. घोडीच्या तोंडात काही नव्हतंच. तोंडात घालायची लोखंडी कडी बाबांनी आपल्या कफनीच्या खिशातून काढली आणि तळहातावर धरून दाखवली.

जगदाळ्यांनी मागं वळून बांधाकडं बघितलं. शिट्टी… सांडवा… तो खचलेला बांध. म्हणजे इतका वेळ त्यांनी नुसती घुंगरंच वाजवली होती.

ते खाली उतरले. उतरले कसले, घसरलेच.  त्यांनी खोगीर धरून ठेवलं.

"मेलो असतो की मी, बाबा."

"हो."

"आणि पोर असती पुढ्यात तर?"

बाबांनी लाडीच्या कपाळावरची माशी उडवली.

"पोर तुझी आहे. तू सांग…"

 कट्ट्यावरून कस्तूनं हाक मारली, पप्पा, येऊ का आता. जगदाळ्यांनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

बाबांनी लगाम माळेपासून सोडवला. कडी लाडीच्या तोंडात नीट बसवली, लगाम तिला अडकवला आणि पुढं केला.

"हा खरा. बस."

जगदाळ्यांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. त्यांनी लाडीच्या डोळ्याकडं बघितलं. इतक्या रविवारांत तो डोळा त्यांनी आज पहिल्यांदाच बघितला. काळाभोर, पाणीदार. त्यात ते स्वतः दिसत होते, एवढेसे.

"नको, बाबा," ते हळूच म्हणाले. "दोरी तुम्हीच धरा."

भेळवाला ऐकत होता, पण या वेळी तो हसला नाही.

बाबांनी जगदाळ्यांच्या काखेत हात घालून त्यांना वर बसवलं. कस्तूला उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. मग दोरीची गुंडाळी केली, खांद्यावर टाकली आणि चिंचेखालच्या आपल्या गोणपाटाकडं चालू लागले.

"बाबा… दोरी?"

बाबा गोणपाटावर टेकले.

"आपणहून धरा म्हणालास ना? मग सुटली ती."