थोरलीच्या उजेडातलं लोखंड

फार पूर्वी, आठवड्याचे वारसुद्धा ठरले नव्हते तेव्हा, एका ढगाच्या पोटी दोन जुळ्या चांदण्या जन्मल्या. दोघींभोवती ग्रह फिरत. एकदा थोरलीचा सगळ्यांत जवळचा, लोखंडाने भरलेला ग्रह दिसेनासा झाला आणि त्याचा लहानसा चंद्र एकटा पडला.

"बाई, माझा ग्रह पाहिलात का?" त्याने थोरलीला विचारलं.

"गेला असेल भटकत. माझा तर उपास आहे, बाबा."

चंद्र रडत धाकटीकडे गेला. तिने एका धूमकेतूच्या बर्फातून आधी आपला उजेड जाऊ दिला, मग थोरलीचा. दोन्हींचे रंग सुटे झाले. चांदणीत लोखंड असलं की तिच्या रंगांत काळ्या रेघा उमटतात; थोरलीच्या रंगांत त्या दाट होत्या, धाकटीच्या फिकट.

"ताई, आपण एकाच आईच्या. जन्मताना दोघींत लोखंड सारखंच होतं. हे जास्तीचं कुठून आलं?"

थोरली म्हणाली, "मायेनंच ओढलं गं त्या ग्रहाला. फार जवळ ओढलं."

चंद्र त्या रेघांकडे बघत राहिला. "म्हणजे तो तुमच्या उजेडात आहे. मग मी इथेच फिरेन. पण जरा लांबून."

"लांबूनच फिर," थोरली म्हणाली, आणि त्याला ऊब पुरेल एवढाच उजेड तिने पुढे केला.