कबुतरीचा सबर

खूप जुनी गोष्ट. खाडीकाठच्या एका मशिदीत, नमाजाआधी हातपाय धुण्याच्या, वजूच्या हौदात एक म्हातारं कासव राहायचं. एकदा वादळात तिथल्या कबुतरीचं घरटं पडलं आणि तिची दोन्ही अंडी फुटली.

कावळा म्हणाला, “रडू नकोस. सबर कर, धीर धर.” कबुतरीने रडू गिळलं, पण तिने दाणापाणीही सोडलं.

तिसऱ्या दिवशी कासवाने तिला जवळ बोलावलं. “सबर म्हणजे डोळे कोरडे ठेवणं नव्हे, बेटी. अल्लाहपुढे रडायला कसली लाज? रड. मी इथेच आहे.”

दुपार कलल्यावरच्या, असरच्या अजानपर्यंत ती रडली. मग हौदातलं पाणी प्यायली. “गार आहे,” ती म्हणाली आणि तिच्या तोंडून आपसूक अल्लाहचे आभार मानणारं “अल्हम्दुलिल्लाह” निघालं.

चार दिवसांनी तिने नव्या घरट्यासाठी पहिली काडी उचलली. तेव्हाही ती रडतच होती.