महाराजांचा वेब-पत्ता

चिखलगडचे महाराज इतके संशयी, की स्वतःच्या सावलीवरही पहारा बसवत. त्यांनी वेबसाइट काढली तेव्हा प्रधान भैरोपंतांनी दरबारात ठणकावलं, "महाराजांच्या नावाचा वेब-पत्ता म्हणजे साक्षात महाराज! तिथं नुसतं एक पान आहे असं म्हणेल तो फितूर."

वेबसाइट बनवणारे दोघे नेमकं तेच म्हणाले आणि कोठडीत गेले. त्यांचं म्हणणं कुणी ऐकूनच घेतलं नाही. तेव्हापासून दरबारात जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेनं बघू लागला.

एके सकाळी तो पत्ता उघडेना. न्यायाधीश मैनाबाई भर दरबारात उठल्या. "प्रधानजी, पान कुणी बंद केलं?"

"मीच. जरा दुरुस्ती चाललीय."

"आणि तो पत्ता म्हणजे साक्षात महाराज ना?"

"त्यात शंकाच नाही!"

"ऐकलंत, महाराज? प्रधानजींनी आज सकाळी तुमचा काटा काढला, आणि वर कबुलीही दिली."

महाराजांचा हात तलवारीकडे गेला. भैरोपंतांनी धावत जाऊन त्यांचे पाय धरले. "महाराज, ते नुसतं पान हो! तुमच्याविषयीचं एक पान!"

मैनाबाई शिपायांकडे वळल्या. "कोठडी उघडा. त्या दोघांना बाहेर काढा, नाहीतर या तिसऱ्याला आत घ्या."