कोंदळीच्या शाळेचे दार

नदीकडची ती चौकट बघून घ्या. कडी आहे, बिजागऱ्या आहेत, पण दार नाही. चोरांनी नेले असेल असे पाहुण्यांना वाटते. ते आमच्याच पंतोजींनी काढले, असे सांगतात.

पूर्वी इथल्या सरदाराचा नियम असा, की कोंदळी आणि पलीकडचे सावरगाव यांतली जी शाळा परीक्षेत वरचढ ठरेल, तिच्याच पंतोजीला वर्षभराचे धान्य मिळायचे. दुसऱ्याने काय खायचे, हे सरदाराने कधी विचारले नाही. मग कसली आलीय मैत्री! आमचे धोंडभट पंतोजी मुलांना औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, शिकवायचे. पण पाण्यावरून आवाज लांब जातो म्हणून दार लावून, दबक्या आवाजात. पलीकडचे रखमाजीपंतही काही कमी नव्हते. त्यांची मुले हिशेबाच्या खुणा वाळूत काढून पायाने पुसून टाकायची म्हणे.

त्या वर्षी परीक्षा आमच्या घाटावर होती. सकाळी सावरगावची थोरली मुले नावेत बसली आणि मधेच असे दाट धुके उतरले, की नावाड्याला स्वतःचे वल्हे दिसेना. थोडे खालच्या अंगाला भोवरा. दोन्ही काठांवरून हाका सुरू झाल्या. इकडचे ओरडले की तिकडचे त्याहून मोठ्याने ओरडायचे. सवयच ती! सगळा गोंगाट एक झाला, कोणता आवाज कुठल्या काठाचा ते कळेना आणि नाव जागच्या जागी फिरू लागली. कुणीतरी बेचा पाढा सुरू केला, तर तो दोन्हीकडच्यांना पाठ. पुन्हा एकच गलका.

नाव आली नसती तर धान्य आपोआप कोंदळीचे होते. धोंडभटांना हे कळत नव्हते असे मी म्हणणार नाही. माणूसच होते ते. पण त्यांनी मुलांना पायरीवर उभे केले आणि म्हणाले, "औटकी म्हणा. मोठ्यानं. एक ओळ म्हणायची नि गप्प बसायचं."

"पंतोजी, ती तर आपली..."

"म्हणा म्हणतो ना!"

"एक औट औट!" पलीकडे शांतता पसरली. हा पाढा त्यांना येतच नव्हता, त्यामुळे ऐकणे भाग पडले. मग तिकडून तीच ओळ परत आली, "एक औट औट!" इकडून "बे औट सात", तिकडून "बे औट सात". आधीचा आवाज कोंदळीचा, मागचा सावरगावचा, हे नावाड्याने ओळखले आणि त्या धाग्याने नाव घाटाला लागली.

परीक्षेत सरदाराच्या माणसाने नेमकी औटकीच विचारली. नावेतल्या मुलांनी ती दोन्ही काठांवरून ऐकलेलीच होती, त्यांनी धडाधड म्हटली. आमची मुले मात्र घसा बसल्याने नुसती ओठ हलवत राहिली. धान्य सावरगावला गेले. धोंडभटांनी शाळेत परत येऊन हे दार उतरवले. त्या वर्षी त्यांची चूल रखमाजीपंतांच्या धान्यावर चालली, असे म्हणतात. मला ते खरे वाटते.

आजही शिष्यवृत्तीच्या परीक्षेआधीच्या संध्याकाळी दोन्ही शाळांची मुले काठांवर येतात आणि आपल्याला जे चांगले जमले ते पलीकडे ओरडून सांगतात. पहिला नंबर तरीही एकालाच मिळतो, आणि दुसऱ्या काठावर रडारड होते. पण त्या संध्याकाळी आपली ओळ पलीकडून परत ऐकू येईपर्यंत कुणी पुढची ओळ म्हणत नाही.