वाटीत उरलेला लेप

एका राज्यात एक डोंगर होता, डोंगरात गुहा होती, गुहेला दगडी दार होतं, आणि त्या दाराला बोलता येत होतं. आत यक्षाचं सोनं होतं. सात पिढ्यांपूर्वीच्या राजाने ते चोरून आणलं आणि घराण्याला शाप लागला: प्रत्येक राजाने बारा वर्षं आत बसून सोनं राखावं. बारा वर्षं भरली की, ज्या हाताने दार लावलं त्याच हाताने तिसऱ्या सूर्यास्ताच्या आत ते उघडावं. नाही उघडलं तर आतला माणूस सोन्याचा होई. सहा राजे तसे झाले होते. कुणाची राणी वारली, कुणाची रुसून माहेरी गेली ती गेलीच. एक जरी राजा जिवंत बाहेर आला, तरी शाप फिटणार होता.

सातवा राजा धवलसेन. त्याच्यामागे दार लावलं ते राणी पद्मलतेने. तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. रोज ती डोंगर चढे, दारावर तळहात ठेवी आणि विचारी, "अहो, आहात ना?" बाहेरचा शब्द आत जाई, आतला बाहेर येत नसे. म्हणून दारच सांगे, "आहेत."

बारा वर्षं भरायला नऊ दिवस उरले, तेव्हा राणीने आरसा मागवला. डोळ्यांपाशी जाळं, गळ्याला वळ्या, कपाळाला तीन आठ्या.

"सगुणे," ती म्हाताऱ्या दासीला म्हणाली, "ते जिला सोडून गेले ती मी उरले नाही."

"बाईसाहेब, ते तरी कुठे उरले असतील?"

"त्यांचं त्यांच्यापाशी."

त्या राज्यात कांतिप्रभा नावाची चेटकीण होती. वय तीनशे, दिसायला सोळा. तिने आपला माल मांडला. सापाच्या विषाचा एक थेंब कपाळात टोचला की कपाळ गोठे, आठी म्हणून पडत नसे. पण मग भुवई चढवून कुणाला दटावता येत नसे, आणि राणीचा निम्मा कारभार भुवईवर चालत होता. गांधीलमाशी चावून गाल भरून येत, पण ते भरलेले गाल प्रधानजींच्या पत्नीच्या तोंडावर कसे दिसले हे अख्ख्या दरबाराने पाहिलं होतं. राणीने लेप निवडला.

"फक्त तोंडाला," चेटकीण म्हणाली. "बाकी कुठे नको."

बारा वर्षं भरायच्या आदल्या रात्री राणीने लेप लावला. कपाळ, गाल, गळा झाला, तरी वाटीच्या कडेला बोटभर उरला. आता तुम्हीच सांगा, कोणत्या बाईने तो टाकला असता? "वाया कशाला घालवायचा," म्हणून राणीने वाटी निपटली आणि लेप दोन्ही हातांना चोळला. सगुणीने त्या हातांचं धुवण न्हाणीघरामागे कारल्याच्या वेलाला ओतलं. तोवर कारलं दुधीसारखं गुळगुळीत असे. खोटं वाटत असेल, तर त्या काळचं कारलं शोधून पाहा.

बारा वर्षं भरली. राणी नवतरुण चेहऱ्याने डोंगर चढली आणि तिने दारावर हात ठेवला.

"कोण?" दार म्हणालं.

"मी. पद्मलता."

"रोज येणारा हात माझ्या ओळखीचा आहे. बोटांखाली घट्टा, अंगठ्यापाशी चटका, मनगटाजवळ व्रण. हा हात काल जन्मला आहे."

राणी पायरीवर बसली. तिथे तिची जुनी पाळलेली साळुंकी बसलेली होती. "तुझ्या तीन खुणा तीन कारल्यांत आहेत," साळुंकी म्हणाली. "खूण कशी आली ते सांगशील, तर वेल कारलं सोडील. एका दिवशी एकच."

पहिल्या दिवशी राणी वेलापुढे उभी राहिली. "घट्टा लगामाचा. सरहद्द मला राखावी लागली." एक कारलं तिच्या हातात आलं.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "चटका मांडे भाजतानाचा. त्यांच्या वाढदिवशी दर वर्षी मी स्वतः करते आणि दाराशी ठेवून येते."

"खातं कोण?" वेलाने विचारलं.

"मी," साळुंकी म्हणाली. दुसरं कारलं आलं.

तिसऱ्या दिवशी राणी म्हणाली, "व्रण पूजेतला. समई उचलताना लागलं." तशी वेलाने तिच्या मनगटाला विळखा घातला. ऊन डोंगराच्या टोकाशी गेलं होतं. सगुणीने विळखा ओढून पाहिला, तो आणखी आवळला.

"बाईसाहेब, खरं काय ते सांगून टाका."

राणीने मान खाली घातली. "सातव्या वर्षी मी दारावर हात आपटला. मी म्हणाले, सोन्याचेच होऊन बसा, मी येणार नाही. आणि तीन दिवस गेले नाही."

विळखा सुटला. तिसरं कारलं आलं. राणी वाटीत रस काढत धावली, दारापाशी हाताला चोळला, आणि तिथल्या तिथे घट्टा, चटका, व्रण उमटले. सूर्य नखाएवढा उरला होता.

"हाच तो," दार म्हणालं, आणि उघडलं.

राजा बाहेर आला. पाठीत पोक, पण दाढी कुळकुळीत काळी. तो राणीकडे पाहून अडखळला.

"मुली, राणीसाहेब कुठे आहेत?"

राणीने हात पुढे केला. राजाने तो चाचपला. "हा व्रण?"

"सातव्या वर्षीचा."

"ऐकला होता. त्यानंतर एक लाथही बसली होती."

"ती पायाला विचारा."

तेव्हा राजाला ओळख पटली आणि तो रडू लागला. गालांवरून काळे ओघळ दाढीतून छातीवर आले, मागे पांढरं दिसू लागलं.

"दाढीला काय लावलंत?"

"दिव्याची काजळी. म्हटलं, बाई घाबरायला नको."

राणी हसली. पण त्या गुळगुळीत चेहऱ्यावर हसू ठरेना, नुसतं घसरून जाई. तिने वाटीत पाहिलं. तळाला थोडा रस होता. "वाया कशाला घालवायचा," म्हणून तिने तो तोंडाला चोळला. जाळं आलं, वळ्या आल्या, आणि हसू जागच्या जागी बसलं.

"आता ओळखलं," राजा म्हणाला.

यक्षाने आपलं सोनं उचलून नेलं. सहा सोनेरी राजांची माती झाली, तिला राणीने पाणी दिलं. दार त्या दिवसापासून साधा दगड झालं. कारल्याच्या सुरकुत्या मात्र राहिल्या, त्याला कुणी लेप लावला नाही.

"पण मग यंदाचे मांडे कोण खाणार?" साळुंकीने विचारलं.

ते राजाने खाल्ले, उरले ते साळुंकीने. वाया काहीच गेलं नाही.